ऐरण कुठे आहे

केप्याच्या बाजारात, कासिमीर फुर्तादच्या दुकानात
मी सतरा वर्षं केपांचा हिशेब लिहिते.
गावाच्या नावावरून गिऱ्हाइकं तीच ती थट्टा करतात,
मी तेच ते हसते आणि परवान्याचा नंबर विचारते.

डबे दोन. एक पत्र्याचा, पोर्तुगीज अक्षरांचा,
दुसरा पुठ्ठ्याचा, नवा, आत प्लास्टिकचे कप्पे.
पहिल्यात बर्डन. दुसऱ्यात बॉक्सर.
वरून बघाल तर दोन्ही मसुरीच्या दाण्याएवढ्या,
कुडीची फिरकी हरवून पडावी तशा.

कासिमीर म्हणतो, उलटी कर, आत बघ.
बॉक्सर आपली ऐरण पोटात घेऊन येते,
नखभर, पाय फुटलेली;
कुठल्याही घरात बसवा, घोडा पडला
की स्वतःवरच आपटून पेटते.
बर्डन पोकळ. तिची ऐरण काडतुसाच्या बुडात,
घराचाच उंचवटा होऊन राहिलेली,
दोन बाजूंना दोन बारीक भोकं, विस्तव आत जायला.
ते घर नसेल तर ती नुसती टोपी.

आणि गंमत बघ,
बर्डन अमेरिकेचा, त्याला थारा दिला युरोपनं.
बॉक्सर इंग्रज, त्याला उचललं अमेरिकेनं.
आपल्या पोरांसारखं.
त्याचा धाकटा स्विंडनला गोदामात आहे.
थोरल्याबद्दल तो बोलत नाही.

चांगली कोणती, गिऱ्हाईक विचारतं.
कासिमीर चष्मा पुसतो.
वाजलेली बॉक्सर आतून सुईनं ढकलली की निघते,
पितळ पुन्हा भरता येतं, पुन्हा, पुन्हा.
बर्डन बाहेरून उचकटावी लागते, ओरखडे उठतात,
लोक घरच टाकून देतात.
त्यात जुनी असली तर नळीत मीठ सोडते,
त्याच रात्री धुतली नाही तर सकाळी तांबेरा.
पण, तो म्हणतो,
आणि पणच्या पुढे काही म्हणत नाही.

निवडणुकीत सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा.
डुकरांना आचारसंहिता लागू नसते.
मतमोजणी झाली आणि मोरपिर्ल्याची शेवंती वेळीप आली,
सुरणाचा अख्खा वाफा उकरला गेलेला,
नवऱ्याचा परवाना आपल्या नावावर करायला.
पदरात चार पितळी तोटे, पुरसोनं स्वतः भरलेले,
कधी, ते तिला ठाऊक नाही.

वाजतील?

कासिमीरनं बूड नखानं चाचपलं. बर्डन. हिरवट.
वाजेल, नाहीतर नाही वाजणार.
नाहीतर, बाये, उशिरा वाजेल.
घोडा पडतो, काही होत नाही, माणूस नळी खाली करतो,
आणि तेव्हा.
म्हणून तोंड रानाकडेच ठेवायचं. तीस आकडे मोजायचे.

तीसच का?
त्याला उत्तर येत नव्हतं. बापानं तीस सांगितलेले.

शेवंती म्हणाली, पुरसो गेला तेव्हा मी रडले नव्हते.
लोक बोलले.
काजूचा हंगाम होता, भट्टीला माणूस मिळत नव्हता.
आठव्या महिन्यात, ह्याच बाजारात,
सुक्या बांगड्यांचा भाव करताना
मी तारीख दुसऱ्यांदा लिहिली.
तिनं वाक्य तिथंच सोडलं.

हे नकोत, कासिमीर म्हणाला. नवे घेऊन जा.
घरं तेवढी दे मग.
ओरखडे उठतील.
उठूं दी.

किती दिवस त्याला लागले, त्यानं ते कसं केलं,
मी बघितलं नाही; त्या वेळी तो दार लावून घेतो.
ती आली तेव्हा चार घरं कागदावर मांडलेली,
बुडाशी चरे, जशी कुणी नखं लावली.
शेवंतीनं एक उचललं, खालच्या ओठावर टेकवलं,
पुरसो कुत्र्यांना बोलवायचा तशी फुंकर घातली.
दोन भोकांतून अर्धा वारा निसटला.

फुटकी वाजते, ती म्हणाली,
आणि चारही पिशवीत घातली, बांगड्यांच्या वर.